अंगठ्याएवढा डोंगर

मी एक जुनी लाकडी पॅलेट आहे. चित्रकार माझ्यावर रंग कालवतात. माझ्या अंगातलं भोक अंगठा अडकवायला आहे. मला उंदराने कुरतडलेलं नाही, तेव्हा उगाच कीव करू नका.

मित्रांनो, सुताराने मला घासून गुळगुळीत केलं आणि मी एका चित्रकाराच्या हाती आले. तो डोंगर रंगवायचा. पुढे त्याची बायको आजारी पडली. तिची खाट आतल्या खोलीत आणि डोंगर दिसायचा फक्त गच्चीवरून. मग तो रोज मला घेऊन वर जायचा आणि तिच्यासाठी डोंगर खाली आणायचा.

पहिलाच डोंगर बघून ती फणकारली, "अहो, माझं अंग तापाने भाजतंय आणि हा मेला हिरवागार? जरा लाज वाटू द्या त्याला."

दुसऱ्या दिवशी डोंगर लालभडक. मग तसंच ठरून गेलं. ती दोन घास जेवली की डोंगर पिवळा, झोप लागली नाही की जांभळा. शेजारीण म्हणाली, "असा डोंगर कुठे असतो का?"

"आमच्याकडे असतो," ती खाटेवरून म्हणाली.

संध्याकाळी उरलेले रंग तो माझ्या कोपऱ्यात एकत्र ओढायचा. त्यांचा राखाडी गोळा झाला होता. तेल घालून तो त्याला ओला ठेवायचा.

"यात तुझे सगळे दिवस आहेत," तो तिला सांगायचा. "शेवटचा डोंगर याच रंगात करीन."

एका सकाळी ती गेली. घर माणसांनी भरलं. सासरहून आलेल्या लेकीला वाटलं, बाबांना निदान पॅलेट तरी स्वच्छ मिळावी. तिने रडत रडत मला खरवडलं, टर्पेंटाइनने पुसलं. इतकी लख्ख मी सुताराकडेसुद्धा नव्हते.

माणसं पांगल्यावर त्याने मला उचललं आणि त्या कोपऱ्याकडे बघत राहिला.

"बाबा, काही चुकलं का माझं?"

"नाही गं. छान पुसलीस."

त्याने भोकात अंगठा घातला. आतल्या कडेला जरासा राखाडी उरला होता, तो अंगठ्याला लागला. त्याने अंगठा कोऱ्या कॅनव्हासवर टेकवला. तेवढाच डोंगर उमटला. बाकीचा कॅनव्हास कोराच राहिला.

तेव्हापासून मी खिळ्यावर आहे. मित्रांनो, कुणाचं काही पुसायला घ्याल, तर आधी त्या माणसाला विचारा. माझ्यावर आता धूळ साचते. तीही राखाडीच आहे. पण तिच्यात कुणाचे दिवस नाहीत.