पाण्यावरून चालणारे बाबा

पडद्यावर बाबांचा लाकूडतोड्या नाकासमोर चालला होता आणि इथे मी डोळे लावून बसले होते. बाबा कधी सरळ चालत नाहीत, खेळातसुद्धा.

ते दुसऱ्या शहरात एकटे राहतात. नुकतंच हृदयाचं ऑपरेशन झालंय. रोज जेवणानंतर आम्ही दोघं एका ऑनलाइन खेळात तळ्याकाठी लाकडं गोळा करतो. तब्येत विचारली की वैतागतात, म्हणून ही माझी चोरटी तपासणी. लाकूडतोड्या झुडपाझुडपाला वळसे घालत रेंगाळला की बाबा ठीक.

हा खेळ ज्या लायब्ररीवर उभा आहे ती मीच लिहिते. पुस्तकांची नव्हे, आयत्या कोडची. बाकीचे खेळाडू कुठे आहेत ते सर्व्हरकडून आणून तुमच्या पडद्यावर दाखवायचं, हे तिचं काम. मध्येच माहिती तुटली तर ती अंदाज बांधते आणि माणसाला होता त्याच दिशेने चालवत राहते. पूर्वी हे क्षणभरच चालायचं. पण ‘माणसं गोठतात’ म्हणून खेळवाल्यांनी डोकं खाल्लं, तेव्हा याच आठवड्यात मी ती मुदत चांगली ऐसपैस केली. स्वतःवर खूशही झाले.

लाकूडतोड्या तळ्यात शिरला. पाठीवर मोळी असताना या खेळात पाण्यात उतरताच येत नाही, आणि हा मोळीसकट पाण्यावरून चालला होता. म्हणजे बाबांकडून काहीच येत नव्हतं. नुसता माझा अंदाज चालत होता, आणि बाबा कधीपासून खुर्चीत कोसळले असतील देव जाणे.

फोन लावला, बिझी. पुन्हा लावला, बिझी. कुणाला लावताहेत? डॉक्टरांना? त्यांच्या शेजारच्या काकूंना फोन केला.

"काकू, जरा बाबांकडे बघता? दार नाही उघडलं तर किल्ली आहे ना तुमच्याकडे?"

"जाते गं," म्हणाल्या. पण त्यांचे गुडघे आणि मधला जिना डोळ्यांपुढे आला.

बसवेना म्हणून उठले तर पायात वायर अडकली. वाकून पाहिलं. मॉडेमची वायर मघाशीच कधीतरी माझ्या खुर्चीने ओढली गेली होती. तुटलं होतं ते माझं नेट.

तेवढ्यात फोन वाजला. बाबा होते, धापा टाकत. "किती वेळ लावतोय! सारखा बिझी. सरळ तळ्यात चालत गेलीस तू. वळून बघितलंसुद्धा नाहीस."

"बाबा, ती मी नव्हते. माझं नेट गेलं होतं. तुमच्या पडद्यावर चालत होता तो नुसता अंदाज होता."

मागे काकूंचा आवाज येत होता.

"मग थांबलेली दाखव ना," ते म्हणाले. "माणूस नसलं तर नाही म्हणावं. खोटं खोटं चालवतेस कशाला?"

मी वायर खोचली. पडद्यावरचा लाकूडतोड्या पलीकडच्या पाण्यावरून नाहीसा झाला आणि जिथे खरा होता तिथे उमटला. मोळी काठावर टाकून दिलेली होती, आणि बाबा गळ्यापर्यंत पाण्यात उभे होते.