खालच्या खळ्याचं कार्ड

मी पिवळ्या पुठ्ठ्याचा एक तुकडा बोलतोय. तळहाताएवढा. लग्नपत्रिका छापून उरलेल्या पुठ्ठ्यातून मला कापलं, त्यामुळे जन्मापासूनच मला जरा मानपानाची हौस. पण माझ्या नशिबी अक्षता नव्हत्या, परीक्षा होती. तीही माझी नव्हे, एका वेबसाइटची.

शहापूरला एका दुकानाच्या माडीवर मनाली आणि प्रशांत वेबसाइट बनवतात. आसपासच्या गावांच्या शेतकरी गटाने भात मळायचं एक मशीन घेतलं होतं. त्याचे नंबर लावायला त्यांना वेबसाइट हवी होती. आता वेबसाइट लोकांना वापरता येते की नाही, हे पाहायची एक रीत असते. माणसाच्या हातात मोबाईल द्यायचा, त्याला एक काम वाचून दाखवायचं आणि आपण तोंड शिवून बसायचं. ते काम ज्याच्यावर लिहिलेलं असतं, तो मी. सगळे मला कार्ड म्हणतात.

मनालीने माझ्यावर टपोऱ्या अक्षरात लिहिलं : ‘समजा, तुम्ही एक प्रगतशील शेतकरी आहात. “यंत्र आरक्षण” हे बटण दाबा, गट क्रमांक भरा आणि १७ नोव्हेंबर ही तारीख निवडा.’

आधी मला मुरबाडच्या कॉलेजातल्या मुलांपुढे वाचलं. दोन मिनिटांत सगळे पास! मी इतका फुगलो, की प्रशांतच्या पाकिटात मावेनासा झालो. कुठलं बटण दाबायचं ते मीच सांगून टाकत होतो, हे काही माझ्या ध्यानात आलं नाही. उत्तर फळ्यावर लिहून ठेवलं तर वर्गात नापास कोण होणार?

मग आम्ही सापगावला गेलो, मनालीच्या गावी. तिच्या शेजारच्या चंद्राबाई ओट्यावर वाट पाहत होत्या. गेल्या वर्षी मशीनचे नंबर गटाचे प्रमुख देवजीभाऊ फोनवर लावायचे. देवजीभाऊ वाईट नाहीत, पण समोर येऊन बसलेल्या माणसाला त्यांना नाही म्हणवत नाही. त्यामुळे ज्यांची त्यांच्याकडे उठबस, त्यांचं भात आधी मळून झालं. चंद्राबाईंचा नंबर सगळ्यांत शेवटी लागला. तोवर खळ्यावर रचलेली त्यांच्या कापलेल्या भाताची उडवी उंदरांनी पोखरली होती. वर्षभराच्या भातातली दोन पोती गेली.

“यंदा नंबर टायमावर लागला पायजे गो मनाली,” त्या म्हणाल्या. देवजीभाऊंनी तर सांगूनच टाकलं होतं, “दसऱ्याच्या मीटिंगला दाखवा. बायांना जमलं तर वेबसाइट, नाय तर माझा फोन हायेच.”

मनालीने मला वाचायला घेतलं. “समजा, तुम्ही एक प्रगतशील शेतकरी आहात...”

“मी कसली गो प्रगतशील? माझं भात अजून उभं हाय. खोटं कशाला बोलायचं?”

“आत्या, नुसतं समजायचं.”

चंद्राबाईंनी नाइलाजाने समजून घेतलं आणि मी सांगेन तसं करत गेल्या. काम झालं. प्रशांतने बरोबरची खूण केली. शेजारच्या सरस्वतीबाईंनीही तसंच केलं. ती तारीख आधीच गेल्यामुळे त्यांना दोन दिवसांनंतरची मिळाली आणि तिथेच चंद्राबाई हसायला लागल्या.

“आमचं खळं एकच हाय! सोमवारी मशीन येणार, माझं मळणार, परत जाणार. आन् बुधवारी सरस्वतीसाठी पुन्हा तिथंच येणार? डिझेल काय तानशाच्या धरणाचं पाणी हाय, असं सोडून द्यायला?”

मनालीने मला मांडीवर ठेवलं. मग तिने विचारलं, “आत्या, तुमी मशीन कसं बोलावता?”

“उडव्या रचून झाल्या की सांगावा धाडायचा, खालच्या खळ्यावर मशीन पाठवा. नाव कोण सांगतंय? मशीन माणसाकडं येत नाय, खळ्यावर येतं.”

मनालीने मला उलटं केलं. माझी पाठ कोरी होती. तिथे तिने एवढंच लिहिलं : ‘तुमच्या खळ्यावर उडव्या रचून झाल्या आहेत. मशीन बोलवा.’ बटणाचं नाव नाही, तारीख नाही. ऐन थंडीत अंगावरची चादर कुणी ओढावी तसं मला झालं.

ते वाचून दाखवल्यावर चंद्राबाईंनी मोबाईलवर बोट वर नेलं, खाली नेलं. “माझं खळं कुठं हाय यात?” कुणी उत्तर देईना, कारण मध्ये बोलायचं नाही हा नियम. मनाली पेनचं टोपण चावत बसली. बऱ्याच वेळाने चंद्राबाईंनी मोबाईल हळूच खाली ठेवला.

“चांगलं केलंयस गो. मलाच येत नाय.”

इथली माणसं अशीच. दुसऱ्याच्या कामाला नाव ठेवणार नाहीत, चूक स्वतःच्या पदरात घेतील. मला माझ्या पहिल्या बाजूची फार लाज वाटली.

“तुमचं नाय चुकलं, आत्या,” मनाली म्हणाली. “माझं चुकलं.”

पुढचे चार दिवस माडीवर धुसफूस चालली. “सगळं पहिल्यापासून करायचं?” असं प्रशांतने तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा स्वतःच कामाला लागला. आता वेबसाइट उघडली की आधी गाव दिसायचं आणि गावाखाली खळी : खालचं खळं, वडाचं खळं, शाळेमागचं खळं. एका खळ्यावरच्या सगळ्यांना मिळून एकच नंबर.

दसऱ्याच्या मीटिंगमध्ये देवजीभाऊंनी मला हातात घेतलं आणि नेमकी माझी पहिली बाजू वाचली. “हे तर लय सोपं हाय!”

“भाऊ, मागची बाजू,” मनाली म्हणाली आणि तिने मोबाईल चंद्राबाईंना दिला.

त्यांनी सापगाव दाबलं. खालचं खळं दाबलं. स्वतःचं नाव घातलं, मग सरस्वतीबाईंचं, मग मागच्या गल्लीतल्या भिमीचंही. मग लागलेला नंबर देवजीभाऊंपुढे धरला. देवजीभाऊंनी मिशीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “चला, माझा फोन सुटला एकदाचा!” सगळे हसले. मीही हसलो असतो, पण त्यांनी मला खिशात कोंबलं होतं.

नोव्हेंबरात चंद्राबाईंनी खरोखरच उडव्या रचल्या आणि खळ्यावरूनच मशीन बोलावलं. ते सांगितल्या दिवशी आलं. देवजीभाऊंच्या खिशातून सुटलेला मी मनालीच्या पिशवीत पडून सगळं ऐकत होतो. माझ्यावरचं काम पहिल्यांदा खरं झालं, आणि मला वाचायची कुणालाच गरज पडली नाही. मानपानाची हौस असलेल्या माझ्यासारख्याला खरं तर राग यायला हवा होता. पण मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

संध्याकाळी चंद्राबाईंनी मनालीकडे मला मागून घेतलं. तेव्हापासून मी त्यांच्या घरी, नव्या भाताच्या कणगीमागच्या कुडाच्या भिंतीत खोचलेला आहे. माझा एक कोपरा दुमडलाय, पाठीवर चहाचा डाग आहे, आणि नाकात दिवसरात्र भाताचा वास. माझ्या भाऊबंदांवर पुढे जे कुणी काम लिहितील, त्यांनी आधी जरा खळ्यावर जाऊन बसावं, एवढीच माझी विनवणी.

परवा भिमीने मला पाहून विचारलं, “हे काय गो, कुणाचं कार्ड?”

चंद्राबाईंनी मला बाहेर काढलं, पदराने पुसलं आणि पाठीवरचं लिहिलेलं दिसेल असं पुन्हा खोचलं.

“माझं,” त्या म्हणाल्या. “माझंच काम लिवलंय त्यात.”