डाव्या हाताची सवय

ज्ञानदा मॅडमनी पोहण्याच्या तलावाच्या काठावर उकिडवं बसून प्रिस्काचं डावं मनगट पाण्यातच पकडलं.

"हा. हाच चोर आहे."

प्रिस्का दुसऱ्या हातानं काठ धरून धापा टाकत होती. गॉगल कपाळावर चढलेला, डोळ्यांभोवती त्याचे लाल वळ.

"उजवा बघ कसा शहाण्यासारखा येतो. कोपर वर, बोटं खाली, पाणी सरळ मागे. आणि हा डावा? पाण्यात शिरला की आधी बाहेर जातो, मग आठवण झाल्यासारखा आत वळतो. पोहतेस की पडदा सारतेस? कोण बसलंय गं पडद्यामागे?"

शेजारच्या लेनमधली ऋतिका फिसकन हसली. रिलेच्या संघातल्या तीन मुली ठरल्या होत्या. चौथ्या जागेसाठी या दोघींचंच चाललं होतं.

"कुणी शिकवलं असं?"

"पप्पांनी. आमच्या बावखलात."

"मग पप्पांना सांग, इथे शेवाळ नाहीये."

जाळीबाहेरच्या बाकावर बसलेली प्रिस्काची आई, नॅन्सी, सगळ्यांबरोबर हसली. मग तिनं मांडीवरच्या टॉवेलची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

भुईगावात त्यांच्या घरामागे, केळींच्या आणि सुपारीच्या गर्दीत ते बावखल होतं. गोड्या पाण्याचं जुनं तळं, वाडीला पाणी त्याचंच. वर बारा महिने शेवाळाची हिरवी साय. जहाजावर नोकरीला जाण्याआधीच्या उन्हाळ्यात फ्लॉईड छातीभर पाण्यात उभा राहून, पोटाखाली तळवा धरून लेकीला पोहायला शिकवायचा. तेव्हा प्रिस्काचे पुढचे दात पडलेले होते. नॅन्सी पायरीवर असायची. मोगऱ्याला पाणी घालायची वेळ तीच, म्हणून झारी भरता भरता दोघांवर लक्ष ठेवायची.

मग फ्लॉईड गेला. एक करार संपला की दुसरा. मधल्या सुट्टीत यायचा तो पाहुण्यासारखा. टॉवेल कुठे असतात ते विचारायचा, आणि विचारल्यावर त्याचं त्यालाच कसंसं व्हायचं. कपाटात त्याचे शर्ट घडीला घडी लावून होते, मोटारसायकल ताडपत्रीखाली होती. जहाज बंदराजवळ आलं की फोनवर आवाज यायचा. लांब गेलं की तोही नाही. घरात फ्लॉईडचं असं जे काही होतं ते सगळं जागच्या जागी निपचित होतं. हलतं असं एकच, प्रिस्काचा तो डावा हात. तलावावर ती लांबी मारायला निघाली की नॅन्सी त्या हाताकडे बघत बसायची. हा गेला, शेवाळ सारलं, आत वळला. जणू तिथे कुणीतरी आहे. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतंच ते.

आता घरी करायचा व्यायाम मिळाला. ओटीवरच्या बाकड्यावर प्रिस्कानं पालथं पडायचं, खिडकीच्या गजाला बांधलेलं रबर ओढायचं, आणि कोपर खाली किंवा बाहेर जाऊ नये म्हणून नॅन्सीनं ते वर धरून ठेवायचं. पिंपाला मिठी मारल्यासारखा हात, असं मॅडमनी सांगितलं होतं.

पहिले काही दिवस बरे गेले. मग एका दुपारी हात बाहेर सरकू लागला आणि नॅन्सीची बोटं आपोआप सैल पडली.

"मम्मी, सोडू नको ना!"

"कुठे सोडलं?"

"सोडलंस. मला कळतं."

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. त्या दिवशी प्रिस्कानं मान वळवून फक्त आईकडे बघितलं.

आठवडा संपता संपता ज्ञानदा मॅडम जाळीपाशी आल्या.

"प्रिस्काची मम्मी, घरी करून घेता ना? नाही म्हणजे, हात जिथल्या तिथेच आहे."

"घेते की," नॅन्सी म्हणाली.

एव्हरशाईनच्या तलावाहून भुईगावला येताना प्रिस्का स्कूटरवर मागे, आईच्या पाठीला हेल्मेट टेकून बसली होती. पूल उतरल्यावर तिनं विचारलं, "ऋतिकाच जाईल, हो ना?"

रडून नाही, रुसून नाही. उद्या डब्याला काय आहे, असं विचारावं तसं. नॅन्सीनं आरशात बघितलं. हेल्मेटमुळे लेकीचा चेहरा दिसला नाही.

त्या संध्याकाळपासून तिनं कोपर घट्ट धरलं. हात बाहेर जायला बघायचा, ती जाऊ द्यायची नाही. तिच्या बोटांचे वळ प्रिस्काच्या दंडावर उमटायचे. "दुखतंय?" विचारलं तर पोर म्हणायची, "धर तू." बाकड्याची फळी करकरायची, रबर ताणलं जायचं, आणि दोघींमध्ये तेवढाच आवाज.

आणि एका सकाळी तलावावर तो हात पाण्यात शिरला आणि सरळ खाली वळला. पुढच्या वेळीही, त्याच्या पुढच्याही. मॅडमनी दुरूनच अंगठा दाखवला. नॅन्सीनं मान डोलावली आणि तहान नसताना बाटली भरून आणायला उठली.

चाचणीत प्रिस्कानं ऋतिकाच्या आधी भिंत गाठली, अगदी ओंजळभर आधी. ऋतिकानं तिला पाण्यातच मिठी मारली.

"आता मी राखीव. तुला ताप येऊ दे गं थोडासा."

"गप गं!"

रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर फोन वाजला. जहाज कुठल्यातरी बंदराशी लागलं होतं. फ्लॉईडच्या मागे पांढरी लोखंडी भिंत होती. प्रिस्का आधी बोलून, ओरडून, नाचून चर्चमागच्या मैदानावर पळाली. मग फोन नॅन्सीच्या हातात आला.

"बघितलास चाचणीचा व्हिडिओ?"

"कितीदा! काय सुटलीये पोरगी. इथल्या सगळ्यांना दाखवला. कुकलासुद्धा."

"फ्लॉईड, एक सांगायचं होतं." तिनं फोन दुसऱ्या हातात घेतला. "तिचा हात बदलला. डावा. मॅडम म्हणाल्या चूक आहे, म्हणून... मीच मोडला तो, घरी."

"कसला हात?"

"तो नाही का, आधी बाहेर जायचा. शेवाळ सारल्यासारखा. तू शिकवलेला."

चित्र अडकलं असं तिला वाटलं. मग फ्लॉईड हसला.

"मी? मी कशाला शिकवू तसं? मी तर ओरडायचो तिच्यावर, हात सरळ घाल म्हणून. तो तुझा हात, वेडे."

"माझा?"

"मग काय! पायरीवर झारी भरत असायचीस तू. आधी डाव्या हातानं शेवाळ बाजूला, मग झारी आत. पोरगी माझं ऐकत होती कुठे? पोट माझ्या हातावर आणि मान तुझ्याकडे. मीही मग तुझ्याकडेच—"

चित्र थांबलं. त्याचं तोंड तसंच अर्धं उघडं राहिलं. नॅन्सी थोडा वेळ त्या थांबलेल्या तोंडाकडे बघत राहिली, मग फोन विझला.

ऊन उतरल्यावर ती झारी घेऊन मागे गेली. सुपारीच्या सावल्या पाण्यापर्यंत पोचल्या होत्या. शेवटच्या पायरीवर ती बसली, तसा तिचा डावा हात पुढे झाला. तिनं तो तिथेच, पाण्याच्या वर, थांबवला आणि कुणा दुसऱ्याचा असावा तसा बघितला. मनगटावर बांगडीचा घट्टा, नखात मोगऱ्याची माती.

तिनं तो मागे घेतला. उजव्या हातानं झारी सरळ पाण्यात घातली. कोपर वर, बोटं खाली. झारी वर आली ती निम्मी हिरवी. तिनं झारी पाण्यात उलटी केली.

शेवाळाला पडलेलं भोक हळूहळू बुजत आलं. वाडीत कुणी नव्हतं. लांब मैदानावरून मुलांचा गलका येत होता आणि त्यात प्रिस्काचा आवाज कुठला ते कळत नव्हतं.

नॅन्सीनं पुन्हा डावा हात पुढे केला, सावकाश शेवाळ बाजूला सारलं, आणि झारी भरेपर्यंत ते तसंच धरून ठेवलं.