उतरवता येणारी खोली

कुठलीही वस्तू दिसली की बाबाराव हेडाऊंच्या मनात पहिला विचार यायचा तो ही भाड्यानं जाईल का, हा. ती वस्तू कशाची आहे, हे ते नंतर बघायचे. नागपूरच्या महाल भागात त्यांचं बिछायत केंद्र होतं. लग्न असो, तेरवी असो की पुढाऱ्याचं भाषण असो, मंडपाच्या लाकडी बल्ल्या, कापडी कनाती, सतरंज्या आणि खुर्च्या त्यांच्याकडूनच जायच्या. बाप-आजे मागावर लुगडी विणत गेले. आपण तो माग मोडून त्याच्याच लाकडावर पहिला मंडप ठोकला, असं बाबाराव सांगत. यातलं निम्मं खोटं आहे, असं त्यांची बायको अनुसया म्हणायची. कोणतं निम्मं, ते मात्र तिनं कधी सांगितलं नाही.

पन्नास वर्षांच्या आयुष्यात अनुसयाबाईंनी नागपूरबाहेरची तीन ठिकाणं पाहिली होती. उमरेड, रामटेक आणि परत उमरेड. "सीझन संपला का जाऊ," हे नवऱ्याचं वाक्य लग्नापासून चालू होतं. सीझन संपला की गणपती यायचे, गणपती गेले की दुर्गा, आणि मधल्या काळात कोणीतरी मरायचंच.

शहात्तर सालच्या हिवाळ्यात एक गोरं जोडपं युरोपातून सडकेनं येत येत नागपुरात अडकलं. त्यांच्या ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा तुटला होता, आणि जागा मोकळी म्हणून मिस्त्रीनं ट्रक बाबारावांच्या गोदामाच्या आवारात आणला. ट्रकच्या सपाट पाठीवर एक अख्खी खोली होती. गोऱ्यानं खोलीच्या चार कोपऱ्यांतले लोखंडी पाय खाली सोडले, जॅक फिरवून खोली वीतभर उचलली आणि खालून ट्रक काढून मिस्त्रीकडे नेला. खोली आपल्या पायांवर उभी राहिली. आत गोरीण चहा करत होती.

अनुसयाबाई ते बघत उभ्या राहिल्या ते भात करपेपर्यंत.

रात्री जेवताना त्यांनी विषय काढला. "अजी, आपला ट्रक बी तसाच सपाट आहे."

"मंग?"

"लग्नाच्या दिवसात बल्ल्या वाहाच्या. आषाढी एकादशीले देव झोपले, लग्नं बंद झाले, का ट्रकवर खोली चढवाची अन् निघाचं. रामेश्वर, द्वारका, जिकडं सडक जाईल तिकडं. कार्तिकात देव उठले का आपण बी वापस."

"देव झोपले असतांनी त्याईच्या घरी जाऊन काय करतं वं?"

"त्याईले उठवाचं नाही. पाहून याचं."

बाबारावांना ही गोष्ट पटली. काढता-घालता येणारी कुठलीही वस्तू त्यांना पटायचीच. आता फक्त खोली निवडायची होती, आणि घोडं तिथंच अडलं. तीस वर्षं गिऱ्हाइकांनी बाबारावांकडून चाळीस-चाळीस सतरंज्या उलगडून घेतल्या होत्या आणि "घरी विचारून येतो" म्हणून पळ काढला होता. त्या सगळ्यांचा सूड बाबारावांनी नागपुरातल्या ट्रकबॉडीवाल्यांवर उगवला. हिंगण्याच्या एका कारखान्यात त्यांनी पत्र्याची खोली चार वेळा उभी करून घेतली, चारही वेळा तिला आतून-बाहेरून ठोकून पाहिलं, आणि घरी विचारून येतो म्हणाले. एका लिलावात फिरत्या दवाखान्याचा जुना डबा मिळत होता, त्याच्या पायऱ्यांवर ते चार दिवस बसून आले. शेवटी त्यांनी स्वतःच बल्ल्या आणि कनातीची एक खोली ट्रकवर बांधली. अर्ध्या तासात उभी, पाव तासात गुंडाळलेली. शुक्रवारी नावाच्या तलावापर्यंत ती नीट गेली. मग वारा सुटला आणि कनात एका सायकलवाल्याच्या अंगावर जाऊन पडली. अशात दोन चातुर्मास निघून गेले.

तिसऱ्या वर्षी होळीनंतर अनुसयाबाई स्वतः निघाल्या. प्रत्येक खोलीत चढायचं, खाली पाठ टेकायची आणि डोळे मिटायचे, एवढी एकच त्यांची परीक्षा होती. पत्र्याच्या खोलीत त्या घामानं भिजल्या. "हे पापड भाजाले चांगलं आहे," म्हणून उतरल्या. लिलावात अजून न खपलेल्या दवाखान्याच्या डब्यात फिनाइलचा वास होता. तिथं आडवं पडल्याबरोबर त्यांना आपल्याला काहीतरी झालंय असं वाटायला लागलं. शेवटी हिंगण्याच्याच कारखान्याला त्यांनी सांगून टाकलं: हलकी लोखंडी चौकट, आतून प्लायवूड, बाहेरून अल्युमिनियम, दोन खिडक्या, चार पाय आणि आतून लागणारी कडी.

"कडी कायले?" बाबाराव म्हणाले.

"तीस वर्षं झाली, माह्या घरात दिवसातून पन्नास लोकं खुर्च्या पाह्याले येते. कडी लागंन."

खोली ज्येष्ठात तयार झाली. आवारात चार पायांवर उभी राहिली तेव्हा अनुसयाबाईंनी तिला हळदकुंकू लावलं, आणि एकादशीच्या आदल्या दिवशी दुपारी चार वाजता निघायचं, असं ड्रायव्हर मारोतरावला बजावून ठेवलं. यंदा निघालो नाही तर आपण कधीच निघणार नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं. गुडघे आताच बोलायला लागले होते, आणि नवऱ्यानं "पुढच्या साली खोलीले एक सज्जा काढू" असं म्हणायला सुरुवात केली होती.

ठरल्या दिवशी बाई पीठ, तिखट, स्टोव्ह आणि दोन लोणच्याच्या बरण्या घेऊन आवारात आल्या. खोली जागेवर नव्हती.

मारोतराव खाली मान घालून उभा होता. "वैनी, मालकानं धरमपेठच्या लग्नात देल्ली. सकाळीच सोडून आलो. नवरदेवाकडच्या लोकाईले आराम कराले."

अनुसयाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आज थांबलं तर नवऱ्याला पाच दिवसांत दुसरी खोली दिसली असती, सहाव्या दिवशी सज्जा, मग गणपती. त्यांनी सगळं सामान ट्रकमध्ये टाकलं, स्वतः चढल्या आणि म्हणाल्या, "चाल."

धरमपेठच्या मैदानात सीझनचं शेवटचं लग्न लागायचं होतं आणि लागत नव्हतं. नवरदेवाचा बाप हुंड्यातल्या स्कूटरवरून रुसला होता. रुसायला सोयीची जागा म्हणून तो मंडपामागं उभ्या केलेल्या अनुसयाबाईंच्या खोलीत शिरला होता, आणि आतून कडी घालून दोन तास बसला होता. मुलीचे वडील वामनराव शाळामास्तर होते. त्यांनी तीनदा दाराशी जाऊन हात जोडले होते. चौथ्यांदा जायला ते उठतच होते. मुहूर्त पाऊण तासावर आला होता आणि बँडवाले, पैसे ठरले तेवढी गाणी संपल्यामुळे, तीच गाणी पुन्हा वाजवत होते.

अनुसयाबाई खोलीपाशी गेल्या आणि दार वाजवलं.

"स्कूटर आल्याबिगर मी कडी काढत नाही!" आतून आवाज आला.

"नका काढू," बाई म्हणाल्या, आणि मारोतरावला खूण केली.

मारोतरावनं ट्रक रिव्हर्स घेतला. अकरा वर्षं मंडपाच्या बल्ल्यांमधून ट्रक काढलेला माणूस तो. खोलीच्या चार पायांमधून त्यानं ट्रक असा आत सरकवला की पत्र्याला ओरखडासुद्धा आला नाही. जॅक उलटे फिरले आणि खोली ट्रकच्या पाठीवर बसली. आतल्या व्याह्याला वाटलं, लोक आपल्याला बाहेर काढायला खोली हलवताहेत. तो अधिकच घट्ट बसला.

अनुसयाबाई पुढं मारोतरावशेजारी चढल्या. ट्रक हलला तेव्हा सगळ्यांत आधी वामनरावांनी पाहिलं. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा वर्गाबाहेर आवाज चढवला. "भटजी, अंतरपाट धरा!" नवरदेवानं इकडेतिकडे पाहिलं, बाप कुठं दिसेना, आणि सकाळपासून पोटात काही नव्हतं. तो पाटावर येऊन उभा राहिला.

बाबाराव सतरंज्या सोडून धोतर सावरत ट्रकमागे धावले. मैदानाच्या फाटकाशी त्यांनी ट्रकच्या केबिनच्या दाराची पट्टी पकडली. "अवं, थांब! आतमंधी व्याही आहे!"

"माहीत आहे मले."

"काहून असं करून राहिली वं?"

"मी रामेश्वरले जाऊन राहिली. तुम्ही येता का नाही, तेवढं सांगा."

बाबारावांनी मागे वळून मंडपाकडे पाहिलं. चारशे खुर्च्या, नव्या झालरी, पाहुण्यांत फिरणारी आपली माणसं. मग ट्रकनं वेग घेतला आणि विचार करायची सोय राहिली नाही. ते धडपडत वर चढले.

नागपूर मागं पडून सडकेवरचं बुटीबोरी गाव येईपर्यंत आतून हाका सुरू झाल्या होत्या. मारोतरावनं गाडी बाजूला घेतली. कडी निघाली आणि फेटा वाकडा झालेला व्याही दारात उभा राहिला. समोर मंडप नव्हता. एक म्हैस होती.

"हे कुठी आणलं मले? मुहूर्त...?"

"लागलं असंन आतापर्यंत," अनुसयाबाई म्हणाल्या. "जाऊन सूनमुख पाहा. वापस जाणारी एसटी त्या झाडाखाली थांबते." त्यांनी त्याच्या हातात दोन दशम्या ठेवल्या, कारण व्याही असला तरी माणूस उपाशी होता. तो काहीतरी बोलणार होता, पण रुसायला समोर कोणीच नव्हतं. दशम्या घेऊन तो झाडाकडे गेला.

अनुसयाबाई पुढं येऊन बसल्या. बाबाराव खिडकीतून परतीच्या सडकेकडे बघत होते. ते भांडतील, मारोतरावला गाडी वळवायला सांगतील, अशी बाईंची अपेक्षा होती, आणि त्यासाठी त्यांनी शब्दही जमवून ठेवले होते. पण नवरा नुसता धोतराचा सोगा नीट करत होता.

"त्या खोल्या सगळ्या चांगल्याच होत्या वं," शेवटी ते हळूच म्हणाले. "पत्र्याची बी. दवाखान्याची बी."

"मंग तीन साल काय करून राहिले होते?"

"नागपुरात कोणत्याही मंडपात गेलो तर लोकं उठून जागा देते. तिकडं रामेश्वरात मले कोण ओळखते? मले भेव लागते, अनुसया."

मारोतरावनं सडकेवरून नजर हलवली नाही. अनुसयाबाईंनी जमवलेले सगळे शब्द गिळले. तीस वर्षांत या माणसाला त्यांनी कंजूष म्हटलं होतं, आळशी म्हटलं होतं, लोभी म्हटलं होतं. भित्रा आहे हे त्यांना आज कळत होतं, आणि त्याची त्यांना भारी दया आली.

"मले बी लागते," त्या म्हणाल्या. "मी त उमरेड-रामटेकच्या पुढं कधी गेलीच नाही. मारोतराव, गाडी सुरू कर."