बुरशीची वाट पाहणारं मडकं

मी एक मडकं बोलतंय. नाक मुरडू नका, पण माझ्या पोटात बुरशी वाढते, आणि ती वाढावी म्हणूनच मला तळघरात ठेवतात. तुमच्याकडे बुरशी दिसली की पदार्थ उकिरड्यावर जातो. इकडे जॉर्जियाच्या डोंगरात, प्शावीत, ती आली नाही तर घरातल्या बाईच्या तोंडचं पाणी पळतं.

कुंभाराने मला भाजलं, पण झिलई दिली नाही, त्यामुळे माझ्यातून थोडी हवा खेळते. या घरची बाई ख्वारामझे, तिने बाजारात टिचकी मारून मला पारखलं आणि शालीत गुंडाळून घरी आणलं. ताक तापवून फाडायचं, चोथा निथळवून मीठ घालायचं, लिंबाएवढे गोळे वळून चुलीवरच्या फळीवर सुकवायचे आणि मग माझ्यात भरायचे, हा तिचा दर हिवाळ्याचा क्रम. याला म्हणतात दांबालखाचो. गोळ्यांत ओल जास्त राहिली तर काळी, चिकट बुरशी चढते आणि सगळं नासतं. ठणठणीत कोरडे झाले तर चांगली बुरशी फिरकतही नाही. मधली ओल ख्वारामझे नाकाने ओळखायची.

गेल्या हिवाळ्यात ती तापाने आडवी झाली. उठली, तेव्हा तिला वास येईनासा झाला होता. हे फक्त मला ठाऊक. ती वाकायची, हुंगायची, आणि चेहऱ्यावर काहीच उमटायचं नाही. त्या वर्षी पाहुण्यांपुढे नासका दांबालखाचो गेला. एकाने चमचा खाली ठेवला. ख्वारामझे सगळ्यांदेखत म्हणाली, "मडकंच खराब आहे मेलं! पुन्हा असं झालं तर कोंबड्यांच्या पाण्याला ठेवीन."

माणसांची ही खोडच आहे. स्वतःचं दुखणं सांगवत नाही, मग राग भांड्यावर निघतो. मला फार लागलं ते.

यंदा धाकट्या मुलाचं लग्न ठरलं. सोयरे जेवायला येणार, आणि त्यांच्यापुढे तुपात वितळवलेला दांबालखाचो नसला तर घराची शोभाच व्हायची. गोळे भरून काही दिवस झाले होते. ख्वारामझे झाकण काढून हुंगत होती आणि मागे नातेला नावाची थोरली सून दिवा धरून उभी होती. नातेला सपाटीवरच्या गावातली, तिला हा सगळा प्रकार किळसवाणा वाटे. झाकणाला आतून पाण्याचे थेंब लागले होते.

"वास कसा येतोय गं?" ख्वारामझेने विचारलं.

"मला काय विचारता आई? ओल्या पायमोज्यासारखा. गेल्या वर्षी यायचा तसाच."

ख्वारामझे गर्रकन वळली. "गेल्या वर्षी यायचा? मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, असाच लागतो! तुम्ही हुंगून गप्प बसायचात. म्हटलं, यांना आवडतोय, आपण कशाला तोंड उघडा."

ख्वारामझे पायरीवर बसली. "पोरी, मला कशाचाच वास येत नाही. कांद्याचा नाही, धुराचा नाही."

नातेलाने दिवा खाली ठेवला. "म्हणून परवा रस्सा करपला तरी चुलीशेजारी बसून होतात! आणि मी समजले, मला बोलणी बसावीत म्हणून मुद्दाम गप्प राहिलात."

"तेवढी दुष्ट नाही गं मी."

"थोडी आहात," नातेला म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या. हसता हसता म्हातारी रडली.

गोळे पुन्हा फळीवर चढले. मला पुसून चुलीपाशी उपडं ठेवलं. "गोळा ओठाला लावून बघ," ख्वारामझे शिकवत होती. "गार लागला तर आत अजून ओल आहे." नातेला तोंड वाकडं करत का होईना, लावून बघायची.

मग मला पुन्हा भरलं, पुन्हा तळघरात नेलं. भीतीने माझा जीव अर्धा झाला होता. एके सकाळी नातेलाने झाकण उचललं आणि ओरडली, "आई, पांढरी लव! मखमलीसारखी! आणि वास रानातल्या अळंब्यांचा!" ख्वारामझेने मला दोन्ही हातांनी कवटाळलं. किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

सोयऱ्यांनी तवा भाकरीने पुसून खाल्ला. हात कुणाचा, असं विहिणीने विचारलं. "नाक सुनेचं," ख्वारामझे सगळ्यांदेखत म्हणाली, "माझं गेलंय."

एवढंच मागणं आहे, भांड्यावर खापर फोडण्याआधी शेजारी उभ्या असलेल्या माणसाला एकदा विचारा. आता नातेला हुंगते आणि ख्वारामझे तिच्या तोंडाकडे बघत राहते. सुनेचं तोंड वाकडं झालं नाही, की म्हातारी आणि मी, दोघं एकदमच सुटकेचा श्वास सोडतो.