एका धडुत्याचा नेम

सरुबाईंनी निऱ्या सोडल्या, क्षणभर मुठीत धरल्या आणि पुन्हा कमरेला खोचल्या. ही तिसरी खेप. समोरच्या फळीवर वेताची टोपली होती, उतरवलेले कपडे त्यात ठेवायचे. ती रिकामी टोपली बघून त्यांना उगीचच कानकोंडं झालं.

सून अंजली पाठ करून उभी होती. तिनं आदल्या संध्याकाळीच सगळं समजावलं होतं. बायकांचं कुंड वेगळं, पुरुषांचं वेगळं. आत जाताना अंगावर सुताचा धागा चालत नाही. हातात फक्त वीतभर पंचा, तोही पाण्याला लागू द्यायचा नाही. सांगताना तीच जास्त लाजली होती.

"तू जाऊन ये," सरुबाई म्हणाल्या. "मी हितूनच हात जोडते."

"बरं," अंजली म्हणाली, पण हलली नाही. "सूर्य उगवायला पाऊण तास आहे, आई."

सगळा घोर त्याचाच होता. बावीस वर्षं सरुबाईंनी कार्तिकस्नान चुकवलं नव्हतं. गंगापूर रोडच्या मागच्या अंगाला त्यांचा झेंडू-शेवंतीचा मळा. फुलं खुडायच्या आधी, अंधारातच सोमेश्वरापाशी जाऊन गोदावरीत बुडी मारायची, हा नेम सासूनं, कुसाबाईंनी, मरताना त्यांच्या ओटीत घातलेला. त्यात दोन गोष्टी पक्क्या होत्या. शेवटच्या दिवशी, त्रिपुरी पौर्णिमेला, स्नान व्हायचं ते आभाळाखालच्या जिवंत पाण्यात, उगवतीच्या आत. आणि पाण्यात उघड्यानं उतरायचं नाही. पाण्यात वरुणदेव बसलेला असतो, कुसाबाई म्हणायच्या, अंगावर निदान एक धडुतं पाहिजेच.

यंदा नवनाथला कंपनीनं दोन वर्षांसाठी जपानला धाडलं आणि त्यानं आईला तीन महिन्यांकरता बोलावून घेतलं. महिनाभर फ्लॅटच्या न्हाणीत, तांबीतून आणलेल्या गोदेच्या पाण्याचे चार थेंब बादलीत टाकून सरुबाईंनी भागवलं. पण पौर्णिमा तशी भागणारी नव्हती. म्हणून नवनाथनं त्यांना डोंगरातल्या ह्या गावी, कुंड असलेल्या धर्मशाळेत आणलं. नदी होती, पण खोल घळीत, हात घातला तर बोटं वाकडी होतील इतकी गार. हे कुंड मात्र थेट भुईतून वर येणाऱ्या ऊन पाण्याचं, आणि वर उघडं आभाळ. एक नेम धरावा तर दुसरा सुटत होता.

आणि खरं सांगायचं तर, नेमाच्या आडोशाला त्या लाजही झाकत होत्या. चार लेकरं झाली तरी उजेडात त्यांचं अंग कुणी बघितलं नव्हतं. त्यांनी स्वतःही नाही.

तेवढ्यात पडदा सारून एक म्हातारी आत आली. ऐंशीच्या घरातली, कमरेत वाकलेली. तिनं दोघींना मान लववली, कपडे उतरवले आणि एकेकाची चौकोनी घडी घालून टोपलीत ठेवली. कुठं घाई नाही, चोरटेपणा नाही. देवघरात निघावं तशी ती पंचा घेऊन आत गेली. दार अर्धवट उघडं राहिलं. सरुबाई नको नको म्हणत बघत राहिल्या.

म्हातारी आधी कुंडाकडे गेलीच नाही. भिंतीकडेच्या लाकडी पाटावर बसली, घंगाळातून पाणी घेत डोक्यावरून न्हाली, बोटांच्या बेचक्यांपर्यंत अंग घासलं, सगळा साबण जाईतो पाणी ओतलं. मग उठली आणि तो पाट धुतला, घंगाळ विसळून पालथं घातलं, मागून येणारीसाठी. पंचा पिळून डोक्यावर ठेवला. आणि तेव्हा कुठं बाहेरच्या कुंडाकडे वळली.

सरुबाईंच्या डोळ्यांपुढे आपला घाट आला. साबणाचा फेस, शाम्पूच्या पुड्या, निर्माल्याच्या पिशव्या. त्यांचीही एखादी त्यात असेल.

"अगं, ही तर आंघोळ करून मग पाण्यात जाते," त्या हळूच म्हणाल्या. "हे सोवळंच की. आपल्यापरीस कडक हाय."

मग त्यांनी निऱ्या सोडल्या. पुन्हा खोचल्या नाहीत. नऊवारीची घडी घालायला वेळ लागला. त्या म्हातारीसारखी चौकोनी होईपर्यंत त्या थांबल्या. टोपलीत घडी ठेवून तिच्यावर हात टेकवला आणि मनातल्या मनात कुसाबाईंची क्षमा मागितली.

पाटावर बसून त्या म्हातारीसारख्याच न्हाल्या. पाट धुतला. बाहेर पाऊल टाकलं तेव्हा गारठ्यानं अंगावर शहारा आला. काळ्या दगडांत बांधलेलं कुंड, वर वाफ, वाफेपलीकडे तांबड्या पानांची झाडं. पाण्यात म्हातारी आणि आणखी दोघी बायका बसल्या होत्या. एकीनंही मान वर केली नाही. न बघताच त्या माणसाला जपत होत्या. सरुबाईंचे आखडलेले खांदे खाली आले. त्यांनी पहिल्या पायरीकडे पाय उचलला.

तोच धर्मशाळेतली कामाची बाई लगबगीनं आली. तिनं दोनदा वाकून अंजलीला काही हळू आवाजात सांगितलं आणि खाली मान घालून उभी राहिली. अंजलीचा चेहरा उतरला.

"काय झालं गं?"

"आई, चुकलं माझं. मी सगळं वाचलं, पण हे ध्यानातच आलं नाही. रोज बघते ना, त्यामुळं." तिनं सरुबाईंच्या डाव्या हाताकडे पाहिलं. "गोंदण चालत नाही इथं. इकडं गुंड लोक गोंदवून घेतात म्हणून."

कोपरापासून मनगटापर्यंत तुळशीवृंदावन होतं, दोन बाजूंना दोन मोर. नऊ वर्षांच्या सरूला आईनं मांडीवर धरून गोंदवून घेतलेलं. मेल्यावर एवढाच दागिना बरोबर येतो, असं सांगून तिचं रडं थांबवलेलं. सगळं अंग लपवता लपवता पहाट गेली होती, आणि जे जन्मात कधी लपवलं नव्हतं तेच नेमकं आडवं आलं. सरुबाईंनी हात पाठीमागं घेतला.

"मी गुंड," त्या म्हणाल्या, आणि ओठांच्या कोपऱ्यात हसल्या. पण डोळे भरले होते. "चल. पाणी त्यांचं, शिस्त त्यांची. मोडायची नाय."

पूर्वेकडचा डोंगर उजळत आला होता. त्या वळल्या.

पाण्यातून आवाज आला. म्हातारी काही विचारत होती. अंजलीनं अडखळत उत्तर दिलं. म्हातारी दगडाला धरून कष्टानं उठली, जवळ आली आणि तिनं हात पुढे केला. सरुबाईंनी पाठीमागं घेतलेला हात त्यात दिला. म्हातारीनं तुळशीच्या मंजिरीवरून अंगठा फिरवला.

"हे काय, विचारतायत. मी म्हटलं, आमच्या अंगणातलं झाड आहे, आई रोज त्याला पाणी घालतात."

म्हातारीनं डोक्यावरचा पंचा काढला, झटकला, आणि सरुबाईंच्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत गुंडाळला. एका मोराची शेपटी दिसत होती, तीही झाकली. टोक आत खोचलं. मग कामाच्या बाईला चार शब्द बोलली. ती बाई वाकली आणि निघून गेली.

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, मला तर काही दिसत नाही."

सरुबाई पायऱ्या उतरल्या. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला लागलं. आईच्या पोटात असेल तसली ऊब. पंचा पाण्याला लागू नये म्हणून डावा हात त्यांनी काठाच्या दगडावर ठेवला. उजव्या तळव्यात मावेल तेवढं पाणी उचललं, गोदावरीचं नाव घेतलं आणि डोंगरामागून सूर्याची पहिली कड दिसायच्या आत ते पुन्हा पाण्यात सोडलं. म्हातारी शेजारीच डोळे मिटून बसली होती.

मागोमाग पाण्यात उतरलेली अंजली जवळ सरकली.

"आई, तुमचा तो दुसरा नेम... एका धडुत्याचा. माझ्यामुळं मोडला ना?"

सरुबाईंनी दगडावरच्या हाताकडे पाहिलं. पंच्याचं टोक सुटत आलं होतं. उजव्या हाताचं पाणी निथळू देऊन, खांद्यावरचा पदर सावरावा तसं त्यांनी ते नीट खोचलं.