आरती व्हायची होती

या मित्रांनो, असे पुढे सरका. कीर्तनाला कोणी भिंतीला टेकून बसते का? आज तुम्हांला एका टाळकरणीची गोष्ट सांगते.

मी एक जुनी चिपळ्यांची जोडी आहे. दशरथ सुताराने मला शिसवी लाकडातून घडवले, पितळी चकत्या बसवल्या आणि मुलुंडच्या मार्तंडबुवांच्या हाती सोपवले. तीस वर्षे मी त्यांच्या बोटांत वाजले. बुवा नुसते उभे राहिले तरी देऊळ गप्प होई. त्यांचा एक नेम होता, कीर्तनाची आरती झाल्याशिवाय अन्नाला शिवायचे नाही.

एकोणीसशे चोपन्न साली बुवांना विसर पडू लागला. आधी अभंग गेले, मग घराची वाट, मग पोटच्या मुलाचे नाव. ते वेळी-अवेळी मला वाजवू लागले. शेजारी कुरकुरले, तेव्हा सूनबाई कुंदाने मला चिंधीत गुंडाळून ट्रंकेत ठेवले. तिचा तरी काय इलाज होता!

त्याच दिवसापासून बुवा जेवेनात. ट्रंकेतून मला सारे ऐकू येई.

"आरती व्हायचीय अजून," बुवा पुटपुटत.

"बाबा, तुमचं कीर्तन सुटून दोन वर्षं झाली हो!" मुलगा श्यामकांत ओरडे. बुवा ताट दूर सारत.

चौथ्या दिवशी श्यामकांतचा धीर सुटला. "उद्या यांना वेड्यांच्या इस्पितळात पोचवतो. उपाशी मरताना बघवत नाही मला."

त्याच सकाळी कुंदाने बोलावलेल्या, जवळच्या दवाखान्यातल्या नर्स वनमालाबाई आल्या. त्यांनी नाडी बघते म्हटले, जीभ दाखवायला सांगितली.

"कुंदाताई, यांची बोटं बघा. गोधडीवर सारखी उघडमीट चाललीय. हातात काय असायचं यांच्या?"

"चिपळ्या. पण दिल्या की वाजवतच सुटतात."

"मग सुटू देत ना! आणा इकडे."

मित्रांनो, त्या अंगठ्याने मला लगेच ओळखले. बुवा ताठ बसले. वनमालाबाईंनी पदर खोचला, मागे उभ्या राहून टाळ्यांचा ठेका धरला. बुवांच्या कथेतला सुदामा पोह्यांची पुरचुंडी घेऊन निघाला तो थेट प्रल्हादाच्या खांबापाशी पोचला! बाईंनी चूक काढली नाही, उलट "वा बुवा!" म्हणाल्या.

"हे काय नाटक, सिस्टर?" श्यामकांत वैतागला.

"नाटक कसलं? तुम्ही यांना आपल्या घड्याळावर आणू बघता. मी यांच्या घड्याळावर जाते. निरांजन लावा बघू."

आरती झाली. बाईंनी दूधभाताची वाटी पुढे केली. "बुवा, प्रसाद घ्या."

बुवांनी वाटी कपाळाला लावली आणि शेवटच्या शितापर्यंत खाल्ली. श्यामकांत तोंड फिरवून डोळे पुसत राहिला. इस्पितळाचे नाव त्या घरात पुन्हा निघाले नाही.

मग रोज असेच. बाईंनी कुंदाला सारे शिकवले: वाद घालू नका, वेळ ठरलेली ठेवा, हात रिकामे ठेवू नका. चार वर्षे बुवा आपल्याच घरात, आपल्याच तालात जगले.

रोज ते बाईंना विचारत, "आपण कोण?"

"मी तुमची टाळकरीण, बुवा."

"बरं झालं आलात!"

आता मी देव्हाऱ्यापाशी असते. तुमच्या घरातही कोणी विसरू लागले, तर त्यांच्या हातातले काढून घेऊ नका. आणि एक मागणे. बुवांना त्या बाईंचे नाव कधीच लक्षात राहिले नाही. ते तुम्ही ठेवा. वनमाला.